चिदंबररावांचं पत्तियम

चिदंबररावांचं बोट पुरणाच्या परातीत गेलं, चिमूटभर पुरण घेऊन वर आलं आणि ओठांपाशी पोचणार तोच मागून हाक आली, "अहो!"

बोट तसंच हवेत राहिलं. तंजावूरजवळच्या पापनाशमच्या लग्नमंडपाचं स्वयंपाकघर सकाळी साडेसातला नुसतं गजबजलेलं होतं. नारळ खवणाऱ्या, केळीची पानं पुसणाऱ्या साऱ्यांनी माना वळवल्या. दारात जयलक्ष्मी उभी होती. त्यांची बायको. नवऱ्याच्या पथ्यावर तिचा काडीचा भरवसा नव्हता, म्हणून ती त्यांचं जेवण बांधून तंजावूरहून बरोबरच आली होती.

"डॉक्टरीण काय सांगटली तुम्हांला?"

"खात नहो गं. चाखतोंय फक्त."

"चाखलेलं कोठं जातंय मग? कानांत?"

पोरीबाळी फिदीफिदी हसल्या. चिदंबररावांनी बोट पंच्याला पुसलं.

एकोणसाठ वर्षांचा हा माणूस. तंजावूरच्या मराठी घरांतली लग्नं, मुंजी, श्राद्धं पस्तीस वर्षं त्यांच्याच हातची जेवत आली होती. उडदाच्या पिठाची डांगर पच्चडी ते करायचेच, पण नाव होतं ते पुरणपोळीचं. उन्हाळ्यात एका मुंजीच्या वेळी उकळतं तेल पायावर सांडलं. जखम चिघळली. अडीच महिने एकामागून एक अँटिबायोटिक चालू राहिली. पाय बरा झाला आणि पोटानं हट्ट धरला. दोन घास खाल्ले की पोट टम्म. जिभेवर पांढरा थर, दिवसभर ढेकर, अंगात जीव म्हणून नाही. लग्नाची कामं दुसऱ्यांकडे जाऊ लागली.

शेवटी डॉक्टर हरिणीनं तपासण्या करून निदान केलं. औषधांनी वाईट जंतूंबरोबर आतड्यातले चांगले जंतूही मारले, आणि मोकळं रान मिळालेलं यीस्ट माजलं. चिदंबररावांना काही उमजेना. तेव्हा ती तमिळमध्ये म्हणाली, "इडलीचं वाटलेलं मावु रात्रीत फुगतं ना? तसलंच काहीतरी तुमच्या पोटात फुगतंय." स्वयंपाक्याला एवढं पुरे होतं. त्यांनी पोटावर हात ठेवून समजूतदारपणे मान हलवली.

गोळ्या दोन आठवडे. साखर, गूळ, मैदा, फळांचे रस सहा आठवडे बंद. "पथ्यानं किती फरक पडतो यावर आम्हां डॉक्टरांचंही एकमत नाही," तिनं मोकळेपणानं सांगितलं, "पण माझ्या काही पेशंटना बरं वाटलंय. गोळ्या मात्र चुकवायच्या नाहीत." चेन्नईचा पुतण्या प्रणवेश यानं फोनवर भलीमोठी यादी पाठवली होती. इडली नको, ताक नको, भातसुद्धा नको. ती दाखवल्यावर डॉक्टरीण हसली. "मग काय वारा खाणार? ताक प्या, थोडा भात खा."

जयलक्ष्मीनं यादी पुसून टाकली आणि पत्तियम, म्हणजे पथ्य, आपल्या हातात घेतलं. दुधीचं डाळ घातलेलं कूट्टु, पडवळ, कीरैची पालेभाजी, मूग, ताक. चौथा आठवडा लागला तोवर पोट शांत झालं होतं. चिदंबरराव रात्री सलग झोपू लागले, सकाळी उठून देवाची फुलं तोडताना गुणगुणू लागले. आजारपणानंतरचं आजचं पहिलंच लग्न. तीनशे पानं. हे नीट पार पडलं तर गेलेली कामं परत येणार होती.

पण पुरण चाखायचं कोणी?

"मणी, तू बघ."

मणी बावीस वर्षं त्यांच्याबरोबर राबलेला जोडीदार. त्यानं पुरण जिभेवर ठेवलं न ठेवलं तोच म्हणाला, "बेस आहे, अण्णा."

मणी बावीस वर्षं हेच म्हणत आला होता. करपलेल्या सांबारालाही एकदा म्हणाला होता. चिदंबररावांनी इकडेतिकडे पाहिलं, मग दाराकडे.

"तू ये. चाख."

"मी?" जयलक्ष्मी बिचकली. चौतीस वर्षांच्या संसारात तिनं त्यांच्या कामाच्या स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकलं नव्हतं.

तिनं हात धुतले, पुरण घेतलं, डोळे मिटले. पुरण जिभेवर घोळवलं.

"सांगूं?"

"सांग की."

"गूळ जास्ती झालाय."

मणीचा हात थांबला.

"जास्ती? नेहमीचंच माप घातलोंय."

"घरीं आणतांत त्या पोळ्यांत नेहमीच जास्ती होतंय. पांच-सहा वरसं झालीं."

"अन् सांगटली का नाहीस?"

"तुम्ही विचारलांत कोठं?"

चिदंबररावांनी मणीकडे पाहिलं. मणी जमिनीकडे पाहत होता. आणि मग त्यांना पानांच्या कडेला उरलेल्या अर्ध्या अर्ध्या पोळ्या आठवल्या. हल्ली लोकांचं खाणंच कमी झालंय, घरोघरी मधुमेह आहे, असं ते सगळ्यांना सांगत आले होते. जीभ म्हातारी झाली होती, हात तिच्या सांगण्यावरून दर वर्षी थोडा जास्त गूळ टाकत होता, आणि त्यांचं मन राखायला सारं गाव गप्प बसलं होतं.

ते पालथ्या घातलेल्या पातेल्यावर बसले. जयलक्ष्मी तिथंच उभी राहिली, जवळ गेली नाही, दूरही गेली नाही.

थोड्या वेळानं ते उठले. "मणी, आणखी तीन किलो डाळ शिजत घाल. पाणी कमी." मग बायकोकडे वळून विचारलं, "मीठ?"

"चिमूटभर. वेलदोडा पुरे."

डाळ शिजली, वाटली, पुरणात मिसळली. तिनं पुन्हा चाखलं, नाक मुरडलं, आणखी थोडी घालायला लावली. तिसऱ्या खेपेला म्हणाली, "अत्ता लाटा."

दुपारी पंगत बसली तेव्हा चिदंबरराव खांद्यावर पंचा टाकून खांबाआड उभे होते. पोळी वाढून झाली. त्यांची नजर पानांच्या कडांवर होती. नवरीचे आजोबा वरुणराव, खाण्यात मोठे चोखंदळ गृहस्थ, शेवटचा तुकडा तुपात बुडवून खाऊन वाढप्याला म्हणाले, "आणखी एक आण बापा. अन् चिदंबराला सांग, कायतरी निराळं केलाय आज."

पाठोपाठ दोघांतिघांनी मागितली. पानं उचलली गेली तेव्हा पोळीचा तुकडा क्वचितच कुठे दिसत होता. निघताना वधूपित्यानं घरातलं पुढच्या महिन्यातलं बारसंही त्यांनाच सांगून टाकलं.

परतीच्या बसमध्ये खिडकीशेजारची जागा मिळाली. बाहेर भाताची खाचरं पाण्यानं भरलेली होती. यजमानांनी केळीच्या पानात बांधून दिलेल्या पोळ्या जयलक्ष्मीनं मांडीवर तशाच ठेवल्या होत्या.

"खा की," ते म्हणाले. "सकाळपासून नुसती चाखलीस."

"तुमच्यासमोर? नको."

"खा गं. मला कायी होत नहो."

तिनं कोपरा मोडून तोंडात टाकला.

"कशी झालीय?"

"बेस."

"मणीसारखं नको. नीट सांग."

ती सावकाश चावत राहिली. "पहिलां तूप येतंय," ती म्हणाली. "मग डाळ. डाळीची चव कळतेय. वेलदोडा मागनं हळूच येतोय."

चिदंबररावांनी डोळे मिटून डोकं सीटला टेकलं. बस कालव्यावरचा पूल ओलांडत होती.

"अन् कड?"

जयलक्ष्मीनं कडेचा तुकडा मोडला. "थांबा," ती म्हणाली, "सांगतें."