वर एक टोपण

विजापूर रस्त्यावर सिद्धाराम मिस्त्रींच्या गॅरेजातून बाहेर पडलेली गाडी ओळखायला कुणी नंबर बघत नसे. मागचा धूर पुरे होता. टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्येच तेल मिसळून घालावं लागतं, आणि किती मिसळायचं ते कंपनी सांगते. सिद्धाराम कंपनीचं ऐकत. लिटरमागे तेल मोजत, डबा हलवत, टाकी भरत आणि झाकण लावायच्या आधी तेलाच्या बाटलीचं एक टोपण भरून वरून सोडून देत. "कंपनीला सोलापूरचं ऊन काय म्हाईत?" असं त्यावर म्हणत. चाळीस वर्षांत हे टोपण एकदाही चुकलं नाही. ज्या गिऱ्हाइकांनी धुराबद्दल कुरकुर केली त्यांना त्यांनी फोर-स्ट्रोक घ्यायचा सल्ला दिला, आणि यथावकाश सगळ्या सोलापूरने तो ऐकला. आता गॅरेजात दोन राजदूत आणि एक लुना एवढीच काय ती टू-स्ट्रोकची प्रजा उरली होती.

त्यातली एक राजदूत बिरदेवची. बिरदेव सांगोल्याकडचा, मेंढरांच्या खरेदी-विक्रीसाठी बाजारोबाजार फिरणारा. महिन्यातून एकदा काहीतरी निमित्त काढून तो यायचा, गाडी स्टँडला लावायचा आणि बाकड्यावर बसून मिस्त्रींची टिंगल करायचा. दोघांचीही सत्तरी आली होती, तरी एकमेकांशिवाय त्यांना करमत नव्हतं. हे मान्य करायची मात्र दोघांची तयारी नव्हती.

फेब्रुवारीतल्या त्या संध्याकाळी बिरदेव असा बसलेला असतानाच सुकन्याचा व्हिडिओ कॉल आला. लेक कॅनडात होती, तिकडे सकाळ उजाडत होती.

"अप्पा, पेट्रोल-तेलाचं माप सांगा की."

सिद्धारामांनी हातातला पान्हा खाली ठेवला. सहा वर्षं झाली लेकीला जाऊन. आईला ती आमटीपासून लोणच्यापर्यंत सगळं विचारायची. बापाला एकच विचारायची, गोळ्या घेतल्या का म्हणून. आज पहिल्यांदा तिला बापाची विद्या लागली होती. त्यांना इतका आनंद झाला की तो लपवायला ते उगाच खाकरले.

सुकन्याने फोन फिरवून गाडी दाखवली. पुढे चाकांच्या जागी दोन पट्ट्या, मागे रबरी पट्टा आणि खाली गुडघाभर बर्फ.

"मिस्तरी, हिची चाकं चोरीला गेली जणू," बिरदेव म्हणाला.

"तात्या, ही बर्फावरची गाडी. पन्नास वर्षांची आहे, टू-स्ट्रोक," सुकन्या हसत म्हणाली. गाडी शेजारच्या आजींची होती, त्यांच्या वारलेल्या नवऱ्याची. येत्या रविवारी गावात जुन्या गाड्यांची मिरवणूक होती आणि आजींनी ती चालवायला सुकन्याकडे दिली होती. "हिचा पिस्टन आता कुठंच मिळत नाही अप्पा. धरला की संपलं. आजी काही बोलायच्या नाहीत, पण मला तोंड दाखवता येणार नाही."

पिस्टन धरणं म्हणजे इंजिन तापून जागच्या जागी जाम होणं. घोळ असा होता की गाडीवरच्या पत्र्यावर लिहिलं होतं, वीस भाग पेट्रोलला एक भाग तेल. तेलाच्या नव्या बाटलीवर होतं पन्नासाला एक. जावई, मंजुनाथ, बाटलीच्या बाजूने होता आणि शेजारपाजार पत्र्याच्या.

"आणि तुमचं ते वरचं टोपण असेलच," सुकन्या म्हणाली. "घालू ना तेही?"

एरवी सिद्धाराम 'व्हय' म्हणून मोकळे झाले असते. पण बर्फ त्यांनी गोळेवाल्याच्या हातगाडीपलीकडे पाहिलेला नव्हता, आणि लेकीची लाज पणाला लागली होती. ते म्हणाले, "उद्या सांगतो."

"आरं, मिस्तरीला उत्तर येत न्हाय!" बिरदेवला कोण आनंद झाला. "उद्या मुक्कामच टाकतो हितं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धाराम घरातल्या लोणच्याच्या दोन काचेच्या बरण्या घासूनपुसून, पेट्रोल आणि तेल घेऊन रुद्रप्पाच्या बर्फाच्या कारखान्यात गेले. गॅरेजात ते डब्यात कालवायचे, गाडीची टाकी लोखंडी. आत काय चालतं ते दिसायची सोय नव्हती, म्हणून काच. सगळं त्यांनी तीन तास बर्फाच्या लाद्यांमध्ये पुरून ठेवलं.

"मिस्त्री, सरबत करताय काय?" रुद्रप्पाने विचारलं.

"जावयासाठी," सिद्धाराम म्हणाले.

मग त्यांनी पहिल्या बरणीत चाळिसाला एक असं तेल घातलं आणि दणदणून हलवलं. निळसर, एकजीव झालं. दुसरीतही तसंच केलं आणि त्यावर, चाळीस वर्षांच्या सवयीने, एक टोपण सोडलं. टोपणातलं तेल काकवीसारखं सावकाश खाली उतरलं आणि बरणीच्या बुडाशी जाऊन बसलं. हललंच नाही. सिद्धारामही हलले नाहीत. टाकीचा नळ बुडाशी असतो. म्हणजे सकाळी गाडी सुरू केली की पहिला घोट जातो तो नुसत्या घट्ट तेलाचा. तो कार्बोरेटरच्या बारीक भोकात अडकणार, पेट्रोल अपुरं पडणार, इंजिन कोरडं तापणार आणि पिस्टन धरणार.

बिरदेवचा पिस्टन दोनदा धरला होता. दोन्ही वेळा डिसेंबरात, पहाटे सांगोल्याच्या बाजाराला निघाल्यावर. दोन्ही वेळा त्याने मिस्त्रींनाच विचारलं होतं, असं का झालं. आणि दोन्ही वेळा मिस्त्रींनी त्यालाच झापलं होतं.

संध्याकाळी फोन लागला. बिरदेव शब्द दिल्याप्रमाणे बाकड्यावर हजर होता. सिद्धारामांनी आधी माप सांगितलं. पत्रा लिहिला तेव्हाचं तेल जाडंभरडं होतं, आताचं चांगलं आहे, म्हणून विसाला एक नको. पन्नासाला एक नव्या इंजिनाला ठीक, म्हाताऱ्याला नको. चाळिसाला एक. लिटरला पंचवीस मिली. तेलाची बाटली रात्रभर घरात उबेला ठेवायची. आधी थोड्या पेट्रोलमध्ये कालवून हलवायचं, मग उरलेलं पेट्रोल, मग पुन्हा हलवायचं. आणि पेट्रोल बिनइथेनॉलचं बघून घ्यायचं, जुनं रबर खातं ते. "हितं तर आता पेट्रोलातबी ऊसच असतो," ते म्हणाले.

"आणि टोपण?"

"टोपण नको."

पलीकडून लेकीने फोन जवळ घेऊन बापाचा चेहरा न्याहाळला. मग सुकन्याने विचारलं, "अप्पा, तब्येत बरी आहे ना?"

"तिकडं थंडी हाय म्हणून नको," असं म्हणून सुटता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. सिद्धारामांनी तोंड उघडलंसुद्धा. पण समोर बिरदेव पाय हलवत बसला होता, आणि त्याच्याकडे बघून ते वाक्य काही बाहेर पडेना.

"टोपण चूक हाय," ते म्हणाले. "थंडीत ते मिसळत न्हाय, बुडाला बसतं. पोरवयात उस्तादाच्या गॅरेजात माझ्या हातनं तेल कमी पडून एक इंजन गेलं. तवापासनं भ्यालो होतो मी. ऊन-बिन काय न्हाय." मग बिरदेवकडे न बघता म्हणाले, "तुजं इंजन दोनदा धरलं, ते माझ्यामुळं."

बिरदेवचे पाय थांबले.

"मिस्तरी, तू मला काय बोलला हुतास, ध्यानात हाय? म्हनला, गाडी हाय का घोडं? चाळीसच्या वर काटा गेला तर हितं पाय ठिवू नगंस." त्याचा आवाज वर चढला. "तीस वर्सं झाली, मी चाळीसच्या वर गेलो न्हाय! उसाचा ट्रॅक्टर हॉर्न मारून मला मागं टाकतो! बायको म्हनती, तुमच्यापरास मेंढरं आदी पोचत्यात!"

फोनमध्ये सुकन्या हसू दाबत होती. सिद्धारामांना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते उठले. राजदूतची टाकी रिकामी केली, तेल मोजलं, डब्यात कालवून नेहमीपेक्षा दुप्पट हलवलं आणि टाकी भरली. बाटलीचं टोपण हातात होतं. ते त्यांनी बाटलीला घट्ट लावून टाकलं.

बिरदेवने किक मारली. गाडीवर बसून तो मिस्त्रींकडे बघत राहिला, रागाने की परवानगीसाठी ते कळेना.

"सावका..." सिद्धाराम सवयीने म्हणायला गेले आणि थांबले. "जा. पळव."

बिरदेव निघाला. मागे धूर इतका पातळ होता की नजरेने पाठलाग करता येईना, म्हणून सिद्धाराम कान देऊन उभे राहिले. दुसरा गिअर पडला, तिसरा पडला, आणि आवाज चढतच गेला. लांबवर एका ट्रॅक्टरला कुणीतरी हॉर्न मारत होतं, थांबून थांबून, तीनदा.

"अप्पा, कोण गेलं हो?" फोनमधून सुकन्याने विचारलं.

"बिरदेव."

"एवढ्या जोरात? मला तर इतकी वर्षं वाटायचं, हळू चालवायचा तात्यांचा स्वभावच आहे."

"न्हाय," सिद्धाराम म्हणाले. "हळू मी चालवाय लावली हुती."