निळ्या दोऱ्याचा पुदिना

“ह्याला कितीही जागा द्या, पुरायची नाही,” माझ्याशेजारी उकिडवे बसून माळीदादा कुरकुरत होते. “टब दिला तर टबाच्या भोकातून बाहेर. बाहेर खुरपलं तर विटेखालून पुन्हा आत. पाहुणा म्हणून आला आणि आता आम्हालाच विचारतोय, तुम्ही कधी निघताय?”

मित्रांनो, ही तक्रार माझ्याबद्दल आहे आणि तिच्यात खोटं काही नाही. मी एक जुना पुदिना आहे. एका रोपवाटिकेच्या मागच्या अंगाला, हिरव्या जाळीखाली, आंघोळीच्या एका चिरलेल्या टबात माझा मुक्काम आहे. टबात पूर्वी माणसं आंघोळ करायची. आता मी करतो, दोन वेळा, माळीदादांच्या नळीनं.

माझं वय मात्र विचारू नका. ह्या टबात मला वीस वर्षं झाली. त्याआधी मी एका खिडकीतल्या कुंडीत होतो आणि त्याही आधी कुणाच्या तरी परसात. माझी फांदी खुडून पाण्यात ठेवली की आठ-दहा दिवसांत तिच्या पेरांना पांढरी मुळं फुटतात. ती फांदी मातीत लावली की जे वाढतं ते माझं मूल नसतं, तो मीच असतो. तेच पान, तोच वास, तोच स्वभाव. ह्या घडीला मी किती खिडक्यांत उभा आहे ते मलाही ठाऊक नाही. तुमच्या घरी पुदिना असेल तर आपली ओळख कदाचित आधीच झाली असेल.

माझं खोड चौकोनी आहे. विश्वास बसत नसेल तर दोन बोटांत धरून फिरवून बघा, चार कडा लागतील. पानं जोडीनं येतात, समोरासमोर. खालची जोडी पूर्व-पश्चिम बघत असेल तर वरची दक्षिण-उत्तर बघते, म्हणजे कुणाची सावली कुणावर पडत नाही. पानांच्या कडा करवतीसारख्या आहेत आणि पानाला देठ म्हणाल तर जवळजवळ नाहीच. पान थेट खोडाला चिकटून बसतं. पलीकडच्या वाफ्यातल्या पेपरमिंटला मात्र चांगला देठ असतो. आम्ही नात्यातले, पण तो जरा मान उंच करून असतो.

आता वासाबद्दल. माझ्या पानांवर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक पिशव्या आहेत आणि त्यांत तेल आहे. पान चोळलं की पिशव्या फुटतात. हा वास तुमच्यासाठी केलाय असा तुमचा समज असेल, तर माफ करा. किड्यांनी मला खाऊ नये म्हणून तो आहे. किडे घाबरले आणि माणसं जवळ आली, हा हिशोब माझा चुकला.

तरी एक कबूल करतो. वास हेच माझं बोलणं. मला दुसरं तोंड नाही.

आणि माझं बोलणं सगळ्यांत चांगलं समजायचं ते काकूला. रोपवाटिका तिची. तिच्या पुतणीची ती सख्खी काकू, पण माळीदादांपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळेच तिला काकू म्हणतात. रोज सकाळी ती टबापाशी यायची, एक पान खुडायची, तळहातावर चोळायची आणि नाकाशी न्यायची. मग तिच्या कपाळावरच्या आठ्या सैल व्हायच्या. कधी म्हणायची, “काल पाणी जास्त झालंय तुला.” कधी म्हणायची, “छान आहेस.” एवढंच. पण दिवस सुरू व्हायला मला ते पुरायचं.

ह्या नाकावर रोपवाटिका चालायची. पुदिन्याच्या जाती दिसायला सारख्या आणि वासाला निराळ्या, त्यामुळे डोळ्यांवर विसंबून चालत नाही. काकूची पद्धत ठरलेली होती. रोपांचा ट्रे बाहेर जाण्याआधी ती चार कोपऱ्यांतली चार पानं चोळून हुंगायची. चारही पटली की ट्रेच्या कानाला निळा दोरा बांधायची. दोरा नसलेला ट्रे फाटकाबाहेर जात नसे. गिऱ्हाईक पानं बघतच नसत, दोरा बघत.

मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात काकूला ताप आला. महिनाभर ती अंथरुणात होती आणि पुढचा महिना खुर्चीत. पुतणी तिच्या उशाशी, माळीदादा गिऱ्हाइकांच्या मागे, आणि माझी छाटणी राहून गेली. राहिली ती राहिलीच. मी वाढलो आणि शेंड्यांना फिक्या जांभळ्या फुलांचे तुरे आले. काकू ते कधी येऊ द्यायची नाही, कळ्या दिसल्या की कात्री लावायची. मला तेव्हा वाटायचं, बाई उगाच कडक आहे. फुलांवर मधमाश्या आल्या. त्या आधी कुठल्या कुठल्या पुदिन्यांवर बसून आल्या होत्या, ते मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मजा वाटत होती. मग बी धरलं, वाळलं आणि टबाच्या कडेला सांडलं.

काकू बरी झाली. पहिल्या दिवशी काठी टेकत टबापाशी आली, पान खुडलं, चोळलं, नाकाशी नेलं.

आठ्या तशाच राहिल्या.

तिनं दुसरं पान घेतलं, मग तिसरं. तिसरं तर नाकात जाईल इतकं जवळ धरलं. मी होता नव्हता तेवढा वास ओतला. तिनं हात खाली घेतला, पानाचा चोळामोळा झालेला तुकडा बघत राहिली आणि मग पदरानं तळहात पुसला. पूर्वी ती हात कधी पुसत नसे.

“नाक चोंदलंय जरा,” ती पुतणीला म्हणाली. पुतणी म्हणाली, “जाईल दोन दिवसांत.” ते दोन दिवस वर्षभर चालले.

काकू हुशार बाई. ती डोळ्यांनी काम करायला लागली. चोळायची, हुंगायची, मान हलवायची, आणि खरी नजर पानाच्या बुडाशी असायची. देठ असला तर पेपरमिंट, नसला तर मी. दुसऱ्यांचे चेहरे तर ती पुस्तकासारखे वाचायची. माळीदादांच्या हातात पान द्यायची आणि सहज विचारायची, “कसा वाटतो?”

“तुम्हीच बघा की,” माळीदादा म्हणायचे. “आमच्या नाकाला खताशिवाय काय कळतंय?”

ते खोटं होतं. तीस वर्षं ह्या रोपांत वावरलेला माणूस तो.

सगळ्यांना कळलं होतं, मित्रांनो. माझ्या टबाशेजारी रोपं भरायचं टेबल आहे आणि त्यामागे स्वयंपाकघराची खिडकी, त्यामुळे मला सगळं दिसतं आणि ऐकू येतं. एकदा शेगडीवर दूध करपलं, इतकं की माळीदादा फाटकापासून धावत आले, आणि काकू पातेल्यापासून दोन हातांवर भाजी चिरत बसली होती. पुतणीनं गॅस बंद केला आणि म्हणाली, “अगं बाई, मीच ठेवलं होतं आणि विसरले.” तिनं ठेवलं नव्हतं. एकदा खताच्या पोत्यांमागे उंदीर मेला. माळीदादा बोलून गेले, “काय दुर्गंधी सुटलीय, काकू, तुम्हाला कसं…” आणि तिथेच थांबून शिंकल्यासारखं केलं. काकूही म्हणाली, “हो ना, सकाळपासून.” ती पोत्यांच्या भलत्याच बाजूला बघत होती.

मायेनं खोटं बोलणं चालू होतं. कुणी कुणाला दुखवत नव्हतं आणि कुणाला झोपही नीट लागत नव्हती.

एवढ्यावरही निभावलं असतं, कारण वर्षभर काकूच्या डोळ्यांनी एकही चूक केली नव्हती. पण मी सांडलेलं बी उगवलं. टबाच्या कडेला, वीट आणि पत्रा यांच्या फटीत, माझी मुलं वर आली. सांगायला संकोच वाटतो. फांदीतून मी होतो, पण बियातून कोण होईल त्याचा नेम नाही. तोंडवळा हुबेहूब माझा होता. चौकोनी खोड, करवतीच्या कडा आणि देठ नाही. वास मात्र बंद पेटीत दमट राहिलेल्या कपड्यांचा. नाकाशिवाय आम्हाला वेगळं काढणं कुणालाच शक्य नव्हतं.

त्याच वेळी मोठी मागणी आली. पुदिन्याचं तेल काढणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळे अर्कवाले म्हणतात. त्यांना एक अख्खं शेत लावायचं होतं. आमची रोपं नेऊन ती वाढवायची, पुन्हा फांद्या करायच्या आणि शेत भरायचं. म्हणजे एक चुकीचं रोप गेलं तर पुढे त्याची शंभर होणार, आणि कढईत सगळ्यांचं तेल एकत्र उतरणार. शेताचं वर्ष जाणार आणि काकूच्या निळ्या दोऱ्याची किंमतही जाणार.

काकूनं चौदा ट्रे भरले. माझ्याच फांद्या पुरल्या असत्या, पण टबाच्या कडेला भरघोस वाढलेली रोपं तिला दिसली. ती मीच बाहेर पसरलोय असं तिला वाटलं. मी पसरतो हे सगळ्यांना माहीत आहेच. तिनं देठ पाहिला, नाही. कात्री लावली. मी किती ओरडलो म्हणून सांगू. भर दुपारी माझ्या वासानं पलीकडचा पेपरमिंटसुद्धा दबला असेल.

शेवटचे तीन ट्रे माझ्या मुलांचे होते. माळीदादांना ते पहिल्याच पाण्याला कळलं. नळी हातात धरून ते थांबले, वाकले, एक पान चोळलं आणि आजूबाजूला पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते तीन ट्रे उचलून मागच्या फळीवर ठेवले. संध्याकाळी काकूनं मोजले, अकराच भरले. “दादा, तीन मागे कशाला?” म्हणत तिनं ते पुढे आणले. माळीदादांनी पुन्हा मागे नेले. तिनं पुन्हा पुढे आणले. चार दिवस ट्रेंची ही ये-जा चालली होती, आणि कुणी कुणाला कारण विचारत नव्हतं.

“तुम्ही सांगा ना,” पुतणी टेबलाशी लेबलं लिहिता लिहिता हळूच म्हणाली.

“मी काय सांगू?”

“हे तीन ट्रे पुदिन्याचे नाहीत म्हणून.”

“पुदिन्याचेच आहेत, पण भलत्या पुदिन्याचे. आणि ते मला कळलं, तिला का नाही कळलं, असं ती विचारेल. मग?”

“तीस वर्षं आहात इथे.”

“म्हणूनच तर सांगवत नाही. तू घरची आहेस, तू सांग.”

“मी सांगितलं तर ती हात धुऊन घरात जाऊन बसेल, दादा. पुन्हा बाहेर यायची नाही.”

माळीदादांनी खुरपं पुसलं. पुसायला त्याच्यावर काही नव्हतं.

मित्रांनो, तुमच्यापाशी माझं एकच मागणं आहे. पुदिना लावलात तर कळ्या खुडा, पाणी द्या, मोठ्या भांड्यात ठेवा. हे तुम्ही कराल, ते सोपं आहे. पण ज्याच्या हातून तो वाढतो त्या माणसाकडेही बघा. त्याचं काही हरवलं असेल तर ते हरवलंच नाही असं वागू नका. मला बोलता येत नाही म्हणून मी गप्प होतो. त्यांना येत होतं.

अर्कवाले सकाळीच आले. गाडी फाटकाशी लावून, चपला झटकत जाळीखाली आले. चौदाही ट्रे ओळीनं मांडले होते. काकू एकेका ट्रेपाशी वाकत होती, चार पानं चोळत होती, दोरा बांधत होती. पुतणी वहीत टिपत होती. अकरावा झाला. बाराव्याशी काकू पोचण्याआधीच अर्कवाल्यांनी सवयीनं एक पान खुडलं, चोळलं आणि हुंगलं.

त्यांची मान जराशी मागे गेली. त्यांनी पुन्हा हुंगलं.

“काकू, हा जरा…” ते म्हणाले. मग तिच्या हातातला दोरा त्यांना दिसला. “नाही, काही नाही. तुम्ही बघणार आहात ना, मग झालं. माझंच नाक आज धड नाही.”

काकूनं वाकून चार पानं घेतली, चोळली, नाकाशी नेली. दोरा ट्रेच्या कानातून ओवला. गाठ मारायची तेवढी राहिली.

मग तिनं मान वर केली. चेहरे वाचायचं तिचं वर्षभराचं शिक्षण झालं होतं. अर्कवाले बोटं रुमालाला पुसत होते. पुतणी कोऱ्या पानावर काहीतरी लिहीत होती. माळीदादा गळत नसलेला नळ घट्ट करत होते.

काकूनं तेराव्याकडे पाहिलं, चौदाव्याकडे पाहिलं. चार दिवस मागे-पुढे फिरणारे ते तीन ट्रे. तिचा हात थांबला. दोरा तिनं पुन्हा बाहेर ओढला, बोटाला गुंडाळला आणि पिशवीत टाकला.

“दादा, तो नळ सोडा,” ती म्हणाली. “वही मिट गं.”

दोघांनीही तसं केलं.

“मला वास येत नाही. ताप आल्यापासून येत नाही. दूध करपलेलं कळत नाही, ह्याचं पान चोळलं तर नुसतं ओलं लागतं,” तिनं माझ्या टबाकडे बोट दाखवलं. “मी लपवलं, ती माझी चूक. पण तुम्हा तिघांना तर येतो ना? मग सांगा मला, ह्या ट्रेंना कसला वास येतोय?”