विकलेल्या बोटीचं दावं

मी एक दोरी बोलतेय. अंबाडीच्या वाखाची, साडेतीन हात लांब, एका टोकाला फासा आणि दुसऱ्या टोकाला तेलानं काळी पडलेली गाठ. आमच्याकडं मला दावं म्हणतात. सध्या मी पैठणच्या धरणाकाठी, बिरूच्या पत्र्याच्या खोलीत दारामागच्या खिळ्यावर असते. दार आपटलं की मी दचकते. ही सवय मला शेळीनं लावली नाही, इंजिनानं लावली. शेळीचं आधी सांगते.

माझा जन्म पिशोरचा. बिरूची आई सारजाबाई हिनं बांधावरची अंबाडी पाण्यात कुजवली, वाख सोलला आणि मांडीवर पीळ देत मला वळलं. वळताना पुटपुटत होती, "ढिली पडली तर शेळी शेजारणीच्या हरभऱ्यात, अन् शेजारीण माझ्या दारात." त्या भीतीनं तिनं मला जरा जास्तच पीळ दिला. तो अजून उतरलेला नाही.

चार वर्षं मी एका तांबड्या शेळीच्या गळ्यात होते. मग शेळी बाजारात विकली. गिऱ्हाईक मला धरूनच तिला ओढायला लागलं, तशी सारजाबाईनं त्याचं मनगट धरलं.

"शेळी तुझी, दावं माझं."

"मावशी, मग नेऊ कशी? काखंत मारून?"

"कशी बी ने. दावं नाय मिळायचं."

रीतच आहे ती. जनावर विकलं तरी दावं द्यायचं नाही, त्याच्याबरोबर गोठ्याची बरकत जाते म्हणतात. त्या माणसानं कुरकुरत खांद्यावरचा पंचा काढून शेळीच्या गळ्यात बांधला. मी सारजाबाईच्या पिशवीतून घरी आले.

पुढं बिरूला पैठणच्या धरणाकाठी काम लागलं, एका बोटीची राखण करायचं. सारजाबाईही मला घेऊन तिथंच राहायला आली. मालक काकासाहेब, शहरात उस्मानपुऱ्यात राहणारे, वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी कोकणातून जुनी शिडाची बोट ट्रकवर घालून आणली होती. शेजारी त्यांना विचारायचे, "काकासाहेब, आपल्याकडं नळाला आठ दिवसांनी पाणी, अन् तुम्ही बोट कशात चालवता?"

बोटीला इंजिन होतं, पण ते काठापासून आत जायला आणि परत यायला. आत गेल्यावर इंजिन बंद, शीड वर. मग सगळं शांत व्हायला हवं. होत नसे. बोट वाऱ्यानं पुढं सरकली की पाणी मागच्या पंख्याला ढकलायचं, पंखा फिरायचा, त्याचा लोखंडी दांडा फिरायचा आणि फळ्यांखाली दिवसभर घर्रर्र.

"फिरंना का," बिरू म्हणाला. "आपल्या तेलावर थोडाच फिरतोय?"

"तेलाचंच दुखणं आहे," काकासाहेब म्हणाले. "इंजिन चालू असलं की गिअर बॉक्समध्ये तेल खेळतं. इंजिन बंद, तेल बंद. पंखा मात्र आतली चाकं फिरवत राहतो, कोरडी. रिकामं जातं ओढल्यासारखं. हा गिअर बॉक्स गेला तर दुसरा मिळायचा नाही, कंपनीच बंद पडलीय."

त्यांनी रिव्हर्स गिअर टाकून पाहिला. काही बोटींचा पंखा तेवढ्यानं थांबतो म्हणे, हिचा थांबेना. मग त्यांनी दांड्याला मोठा पाना अडकवला. पंखा थांबला. काकासाहेब इतके खूष झाले की परत येताना पाना काढायचा विसरले आणि चावी फिरवली. पाना उडाला, फळी फोडून बिरूच्या पायापासून वीतभर अंतरावर उभा राहिला.

बिरूनं तो उपसून काढला आणि काकासाहेबांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी बिरू मला घेऊन आला. "साहेब, मारकं नाय हे जनावर, मोकळं हाय. दावं लावू."

आधी बोट थांबवायची, दांडा थांबला की माझे दोन वेढे त्याच्यावर, आणि टोक बाजूच्या लोखंडी कडीला सुरगाठीनं. सुरगाठ म्हणजे एका हिसक्यात सुटणारी. काकासाहेबांनी त्यात एक भर घातली. इंजिनाची चावी त्यांनी माझ्या टोकाला बांधून टाकली. आता मला सोडल्याशिवाय चावी हातात येणार नाही, आणि चावीशिवाय इंजिन सुरू होणार नाही. मला हे फार आवडलं. मी स्वतः विसराळू नाही, पण माणसं आहेत.

पहिल्यांदा बांधलं तेव्हा मी भीतीनं आकसले होते. पाणी पंख्याला ढकलत होतं आणि सगळा जोर माझ्यावर. शेळी निदान दमायची. पाणी दमत नाही. पण घर्रर्र थांबली. वर काकासाहेब नुसतं "हां," म्हणाले आणि पाय लांब करून बसले.

अशी सहा वर्षं गेली. मग काकासाहेबांचे गुडघे गेले. डॉक्टर बोट नको म्हणाले, मुलंही तेच म्हणाली. शहरातल्याच सिडको भागातल्या विश्वजीत आणि प्रांजली या जोडप्यानं बोट घेतली. काकासाहेबांनी फोनवरून त्यांना तासभर सगळं समजावलं, शीड, नांगर, तेल. पंख्याबद्दल म्हणाले, "ते बिरूनं लावून ठेवलंय, तो दाखवेल."

आणि बिरूनं काय केलं? बोट विकली म्हटल्यावर मला सोडवलं, चावी काढून विश्वजीतच्या हातात दिली, आणि मला घरी आणून खिळ्याला अडकवलं. त्याला वाटलं, साहेबांनी सांगितलं असेल, नवे मालक त्यांचं दावं आणतील. सारजाबाई म्हणाली, "बरं केलंस." मलाही तेव्हा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

पुढच्या रविवारी दुपारी ते दोघंच बोट घेऊन गेले. बिरू जेवायला बसला होता. फोन वाजला, विश्वजीतचा. त्यानं उष्ट्या हातानं कसाबसा स्पीकर लावला.

"बिरूभाऊ, इंजिन बंद केलंय, तरी खालून घर्रर्र येतंय. असं असतं का?"

मी आवाज ओळखला. बिरूनंही ओळखला. त्याचा घास हातातच राहिला.

"किती येळ झाला?"

"झाला असेल पाऊण तास. आता जळका वास पण येतोय."

बिरूनं माझ्याकडं पाहिलं. नंतर आईकडं. "आये, दावं इथं हाय."

"मग तिथं कशानं बांधलंय?" सारजाबाईनं विचारलं.

"कशानंच नाय."

चाकं झिजून अडकली की गिअर बॉक्स गेला. संध्याकाळी वारा पडतो. मग शीडही नाही आणि इंजिनही नाही, आणि दोन नवखी माणसं पाण्याच्या मधोमध. हे बिरूला कळत होतं, तिकडं कुणालाच कळत नव्हतं.

"दादा, त्यो दांडा बांधावा लागंल. दोरी हाय का?"

"नांगराची आहे, पण ती मनगटाएवढी जाड आहे."

मागून प्रांजलीचा आवाज आला. "माझी ओढणी चालेल? सुती आहे. मी फळी उचललीय, दांडा दिसतोय मला."

"ताई, ओढणी कुठं हाय?"

"गळ्यात."

बिरू ओरडला. इतका ओरडला की मी खिळ्यावर हलले. "मागं सरा! आधी गळ्यातनं काढा! फिरत्या दांड्यावर वाकू नका, ओढून घेईल!"

फोनवर काहीतरी आपटलं. मग नुसती घर्रर्र. मी मोजायला लागले, पण मला मोजता येत नाही.

"काढली," प्रांजली म्हणाली. "बाजूला बसलेय."

"तशाच बसा. दादा, सुकाणू फिरवा, बोटीचं तोंड वाऱ्याकडं करा. शीड फडफडंल, फडफडू द्या. बोट थांबली की दांडा आपसूक थांबंल. त्याच्या आधी कुणी हात लावायचा नाय."

शिडाची फडफड ऐकू आली. घर्रर्र हळू झाली. अजून हळू. मग नाही.

"थांबला!"

"आता दोन वेढे द्या. टोक बाजूच्या कडीला. सुरगाठ येती का?"

"नाही हो."

"बुटाच्या नाडीला मारता ती?"

"ती येते."

"तीच मारा. अन् ताई, चावी काढून त्याच ओढणीला बांधा. दादा घाईत इसरतील."

"मी कशाला विसरेन?" विश्वजीत म्हणाला.

"मोठं साहेब बी हेच म्हनायचे," बिरू म्हणाला आणि पहिल्यांदा त्यानं श्वास सोडला.

त्यानं लगेच काकासाहेबांना फोन करून सगळं सांगितलं. काकासाहेब म्हणाले, "चूक माझी अर्धी. मी तुला 'दाखव' म्हणायला हवं होतं."

"अन् मी इचारायला."

ऊन कलतं झालं तेव्हा बोट इंजिनावर काठाला आली. गिअर बॉक्स वाचला होता. विश्वजीतनं येताना ओढणी सोडायचं विसरून चावी आधी सगळ्या खिशांत शोधली होती, हे प्रांजलीनं हसत सांगितलं. तिची ओढणी ग्रीसनं काळी झाली होती. सारजाबाईनं ती हातात घेऊन चोळून पाहिली.

"सूत घसरतं बाई. बस."

तिनं वाख काढला आणि तिथंच मांडीवर नवी दोरी वळायला घेतली.

"पण आजी, तुमच्याकडं दावं देत नाहीत ना?" प्रांजलीनं विचारलं. बिरूनं तिला सगळं सांगितलं होतं.

"जनावराचं देत नाय. ह्याला अजून जनावर कुठं लागलंय? हे तुझंच."

आता मी खिळ्यावर निवांत असते. शेळी पुन्हा घ्यायचं चाललंय, बघू. माझं मागणं एवढंच आहे. काही विकता तेव्हा तुम्ही चावी देता, कागद देता. त्याला कशानं बांधायचं आणि कधी सोडायचं, तेही तोंडानं सांगत जा. समोरच्याला माहीत असेल, असं धरून चालू नका.

आज रविवार आहे. मघाशी बोट निघाली. इंजिनाचा आवाज लांब गेला आणि बंद झाला. मी कान लावून आहे. पाण्यावरून कसलाही आवाज येत नाही, म्हणजे नव्या दाव्यानं दांडा धरलाय.