लग्नाला काळं कार्पेट

माझा भाऊ लायनेल मूर्ख नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना तुम्हाला तसं वाटेल. मूर्खाला निदान चार गोष्टी समजावता येतात.

त्याच्याकडे एक गाडी आहे. बासष्ट सालची, गडद हिरवी, टप उघडणारी, दोनच माणसं बसतील अशी. आमचे वडील कॉव्हेंट्रीच्या ज्या कारखान्यात गाड्यांना दारं बसवायचे, तिथलीच ती. वडील स्वतः जन्मभर सायकलवर फिरले. कारखाना केव्हाच बंद पडला, आता तिथे गाद्यांचं दुकान आहे, पण लायनेलच्या डोक्यात तो अजून चालूच आहे. तिथून गाडी जशी बाहेर पडली तशीच ती राहिली पाहिजे, एक स्क्रूही इकडचा तिकडे होता कामा नये. हा त्याचा धर्म. आणि त्याच्या जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या बाकीच्या टकल्यांचाही तोच धर्म.

त्याची बायको ग्लेनिस म्हणायची, "या घरात दोन बायका आहेत, आणि पॉलिश दुसरीलाच मिळतं." पुढे ती मॅल्कम नावाच्या एका साध्यासुध्या माणसाकडे निघून गेली, लहानग्या टॅम्सिनला घेऊन. मॅल्कमची गाडी कुठल्या रंगाची हे मला आजही आठवत नाही. त्याच्याबद्दल यापेक्षा चांगलं काय सांगणार?

टॅम्सिनचं लग्न ठरलं तेव्हा चर्चमध्ये बाप म्हणून तिचा हात धरून कोण नेणार, हा प्रश्नच आला नाही. मॅल्कम नेणार. तिच्या शाळेची नाटकं त्याने बघितली, तिला पोहायला त्याने शिकवलं, तिच्या पहिल्या प्रेमभंगात तोच रात्रभर चहा करत बसला होता. लायनेलला हे फोनवर कळलं. तो "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हणाला आणि मग माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडला. मोठा माणूस रडताना बघवत नाही, विशेषतः तो रडण्याला लायक असेल तर.

शेवटी मीच म्हटलं, "अरे, निदान घरून चर्चपर्यंत तरी तुझ्या गाडीतून नेऊ दे म्हणावं. तेवढं माग."

त्याने मागितलं. टॅम्सिन म्हणाली, "येईन बाबा. पण खालचं कार्पेट बदल. मेलेल्या कुत्र्यासारखा वास येतो त्याला."

तेवढंच त्याला मिळालं होतं. ग्लेनिसच्या दारापासून चर्चच्या फाटकापर्यंत, मधल्या सिग्नलच्या दिव्याला थांबावं लागलं तर आठ मिनिटं. बापाच्या वाट्याला आलेलं सगळं लग्न एवढंच.

कार्पेट निवडायला आम्ही तिघं वॉलिसकडे गेलो. वॉलिस जुन्या गाड्यांच्या गाद्या आणि कार्पेटं शिवतो. त्याने टेबलावर नमुन्यांचे चौकोन पसरले. काळा, तपकिरी, लाल, क्रीम. काही लोकरीचे, काही नायलॉनचे. लायनेल एकेक चौकोन उलटा करून मागची वीण बघत होता, दातांचा डॉक्टर बघतो तसा. टॅम्सिनने मात्र सरळ बूट-मोजे काढले, दोन-चार चौकोन जमिनीवर मांडले आणि त्यांवर अनवाणी उभी राहिली.

"हा," ती क्रीमवर पाय घासत म्हणाली. "हाच. नायलॉनचा असला तरी चालेल. माझ्या ड्रेसला शोभेल."

"क्रीम लवकर मळेल गं," लायनेल म्हणाला.

"मग काय झालं? तू कोणाला पाय तरी ठेवू देतोस का त्या गाडीत?"

तो हसला. खरंच हसला, आणि तिच्याशेजारी स्वतःचेही बूट काढून उभा राहिला. त्याच्या एका मोज्याला भोक होतं. बाप-लेक त्या चौकोनावर दाटीवाटीने उभे होते आणि वॉलिस मोजपट्टी हातात घेऊन वाट बघत होता. "ठरलं. क्रीम," लायनेल म्हणाला. मी दोघांना तसं बघून फार सुखावले, हे कबूल करते. मी म्हातारी झाले आहे आणि मला सुखावायला फार काही लागत नाही.

त्यानंतर आली क्लबची महिन्याची सभा. ही सभा एका पबच्या मागच्या खोलीत भरते. तिथले चिप्स बरे असतात म्हणून मीही जाते. क्लबचा अध्यक्ष रॉडनी चेसविक. गाड्यांच्या प्रदर्शनात तोच परीक्षक असतो. तो हातात आरसा घेऊन गाडीखाली लोळतो आणि बाहेर येऊन लोकांची आयुष्यं उद्ध्वस्त करतो. लायनेलने त्याला मोठ्या आनंदाने सांगितलं, टॅम्सिनसाठी क्रीम कार्पेट घालतोय.

रॉडनीने ग्लास खाली ठेवला. "क्रीम? गाडी आहे का न्हाणीघर?"

सगळे खिदळले.

"पडदेही लाव रे, लायनेल!"

"झालरीचे!"

"हिरव्या रंगाबरोबर कारखान्याने काळंच दिलं," रॉडनी म्हणाला. "काळं, लोकरीचं. दुसरं दिलेलंच नाही. नायलॉन त्या काळी होतं तरी का गाड्यांत? तुझ्या बापाने दारं बसवली ना तिथे? त्या दारातून आत पाय टाकायचा आणि खाली काय, तर बायकांच्या झोपायच्या खोलीतली सतरंजी. म्हातारा थडग्यात कूस बदलेल."

"पोरीचं लग्न आहे," मी म्हटलं.

"एव्हरिल, लग्न एक दिवसाचं असतं," रॉडनी म्हणाला. "गाडी कायमची असते."

त्याच्या स्वतःच्या तीन बायका झाल्या, तेव्हा त्याला अनुभव असणार. मी लायनेलकडे बघितलं. तो हसत होता, पण त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी शाळेत मुलं चिडवायची तेव्हा व्हायचे तसेच.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात मी त्याच्या गॅरेजात गेले. दारातच नव्या लोकरीचा वास आला. आत सगळं काळं कुळकुळीत. कडांना पट्ट्या शिवलेल्या, गिअरच्या उंचवट्यावर एक सुरकुती नाही. काम सुंदर होतं, यात वाद नाही.

"हे क्रीम नाही," मी म्हटलं.

"नाही."

"टॅम्सिनला सांगितलंस?"

"बघितलं की तिला कळेल."

"काय कळेल?"

"की हे बरोबर आहे."

मी वाकून त्यावर हात फिरवला. तळहात काळा झाला. बारीक, मऊ, चिकट तूस.

"नवी लोकर थोडे दिवस तूस सोडते," तो घाईघाईने म्हणाला. "वॉलिस म्हणाला, पाच-सहा महिने. मी रोज व्हॅक्यूम फिरवतोय."

"पाच-सहा महिने! आणि लग्न शनिवारी. पांढऱ्या ड्रेसला हे लागलं तर ती पोरगी धुराड्यातून निघाल्यासारखी दिसेल. निदान वर चादर तरी अंथर."

"क्लबच्या मासिकासाठी फोटो काढणार आहेत गं. चादर दिसेल."

मी त्याला शिव्या दिल्या. कोणत्या ते लिहीत नाही. मग विचारलं, मी फोन करून सांगू का तिला? तो म्हणाला, "तू मध्ये पडू नकोस. माझी मुलगी आहे." मी पडले नाही. चादर मात्र घडी करून पिशवीत घातली.

शनिवारी ऊन पडलं होतं. लायनेलने भाड्याचा सूट घातला होता, कोटाच्या खिशाला फूल लावलं होतं, आणि ग्लेनिसच्या दारासमोर गाडी अशी चमकत होती की शेजारची पोरं कुंपणावर चढून बघत होती. टॅम्सिन बाहेर आली. तिच्याबद्दल काही लिहीत नाही. आपल्या घरातली पोर नवरी झालेली ज्याने बघितली आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याने नाही बघितली त्याला सांगून उपयोग नाही. लायनेलच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने वाकून गाडीचं दार उघडलं.

तिने खाली बघितलं.

"क्रीम ठरलं होतं," ती म्हणाली.

"ऐक ना, या रंगाबरोबर काळंच यायचं. मी सगळं तपासलं. तुझ्या आजोबांच्या वेळी जसं असायचं, अगदी तसंच आहे हे. बघ, टाचेखालचा रबरसुद्धा..."

मी पुढे झाले आणि पिशवीतून चादर काढली. "थांब पोरी, हे अंथरते. तूस लागणार नाही."

"तुसाचं नाही गं, आत्या." ती माझ्याकडे न बघता बोलली. "बाबा, मी तुझ्याकडे कधी काही मागितलं का? आठवून सांग. वाढदिवसाला येणार म्हणायचास आणि प्रदर्शनाला जायचास. मी काही मागितलं? एक गोष्ट मागितली. आणि ती तुझ्या गाडीसाठी होती."

मला वाटलं, आता तो माफी मागेल. दोन शब्द पुरले असते. ती थांबली होती, दाराला हात लावून. तिला तिथून निघून जायचं नव्हतं.

"पण हे बरोबर आहे," तो म्हणाला.

तिने हात काढून घेतला.

पायरीवरून ग्लेनिस ओरडली, "मॅल्कम! रॉडनीला सांग गाडी पुढे घ्यायला."

कोपऱ्यावरच्या झाडाआडून एक लांबलचक जुनी पांढरी गाडी हळूहळू पुढे आली. बॉनेटवर फिती बांधलेल्या. चालवायला डोक्यावर करडी टोपी घालून रॉडनी चेसविक. तो लग्नांना गाडी देतो हे मला ऐकून माहीत होतं, पण आज इथे? ग्लेनिसने महिन्यापूर्वीच सांगून ठेवलं होतं. पुढे केक कापताना ती मला म्हणाली, "एव्हरिल, तुझ्या भावाबरोबर बारा वर्षं काढली मी. छत्रीशिवाय बाहेर पडेन का?"

रॉडनीने उतरून मागचं दार उघडलं. आत खाली क्रीम कार्पेट होतं. लायनेल ते बघत राहिला.

"रॉडनी," तो म्हणाला, "तूच मला..."

"तू मला प्रदर्शनाच्या गाडीचं विचारलंस," रॉडनी म्हणाला. "ही लग्नाची गाडी. नायलॉन आहे, फडक्याने पुसलं की झालं. पोरी क्रीमच मागतात रे, नेहमीच." आणि त्याने टॅम्सिनला हात देऊन आत बसवलं. मॅल्कम दुसऱ्या बाजूने बसला. जाताना त्याने लायनेलकडे बघितलं, आणि मॅल्कमला वाईट वाटत होतं. त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

रिकाम्या सीटवर मी बसले. कोणीतरी बसायला हवं होतं. दिव्यापाशी थांबलो तेव्हा लायनेल म्हणाला, "घाबरली असेल. लग्नाच्या दिवशी पोरी घाबरतात."

"ती घाबरली नव्हती," मी म्हटलं. "तिने तुला एक रंग सांगितला आणि तू पबमध्ये जाऊन विचारलंस. तुझ्या घरात माणसं का टिकत नाहीत ते आज मला नीट कळलं."

हे बोलायला नको होतं असं मला मुळीच वाटत नाही.

आम्ही चर्चला आधी पोहोचलो, कारण रॉडनी नवरी घेऊन गावाला एक फेरी मारतो, तसा रिवाजच आहे. पाहुणे आत गेले होते. फाटकापाशी नवरदेवाच्या बापाचा कुणी चुलतभाऊ, यॉर्कशायरचा जाडा माणूस, शेवटची सिगारेट ओढत होता. त्याने गाडी बघितली आणि सिगारेट विझवली.

"बासष्ट?"

"बासष्ट," लायनेल म्हणाला.

तो माणूस दारातून आत वाकला. "आणि काळं! लोकरीचं! अरे देवा, कोणीतरी शहाणा माणूस भेटला. सगळी गाढवं क्रीम घालतात."

मी माझ्या भावाचा चेहरा बघत होते. सकाळपासून पहिल्यांदाच कोणी त्याच्याशी प्रेमाने बोललं होतं. त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला. भाड्याच्या सुटात तो गुडघ्यावर बसला आणि कार्पेटचा कोपरा उचलून दाखवू लागला, खाली तागाचं अस्तर कसं आहे, चिकटवलेलं नाही, बटणांनी बसवलेलं आहे. वळणावर पांढरी गाडी दिसली.

"लायनेल, चल आत," मी म्हटलं.

"आलोच. हे बटण एवढं दाखवतो."

चर्चच्या दारापाशी पोहोचून मी मागे वळून बघितलं. त्याचे फक्त बूट दिसत होते. बाकीचा तो गाडीत होता. पांढरी गाडी त्याच्यामागून फाटकातून आत शिरली तरी त्याला कळलं नाही. माझा आवाज खणखणीत आहे, चर्चच्या गायकवृंदात मी तीस वर्षं गायले. एक हाक मारली असती तर तो धावत आला असता. मी मारली नाही. आत जाऊन दुसऱ्या रांगेत बसले आणि शेजारी त्याच्यासाठी ठेवलेली जागा रिकामी ठेवली.

ऑर्गन सुरू झाला. सगळे उभे राहिले. टॅम्सिन मॅल्कमच्या हाताला धरून आली, आणि आमच्या रांगेशी आली तेव्हा तिचा पाय अडखळला. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या शेजारी. डोळ्यांनीच विचारलं, कुठे?

बरं वाटत नव्हतं त्याला, असं सांगता आलं असतं. तोंड धुवायला गेलाय, असंही. रडवेला झाला होता, आत यायची हिंमत होईना, हे तर तिला आवडलंही असतं.

"बाहेर," मी हळूच म्हटलं. "कार्पेट दाखवतोय."

तिने मान हलवली, मॅल्कमचा हात नीट धरला आणि पुढे गेली.