घमेल्यातलं पाणी

आबांनी कॉम्प्रेसर विकायला काढला तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं. मलकापुरात ट्रॅक्टर-ट्रॉल्या रंगवायची आमची शेड; त्या कॉम्प्रेसरच्या हवेवरच गनमधून रंग फवारायचा. आई गेल्यानंतर आबांच्या रंगावर फोड यायला लागले. घासून पुन्हा मारला, तरी तेच. "हात गेला माजा, अपेक्षा पोरी," एवढंच म्हणायचे. ज्यांच्या रंगात तोंड बघून गिऱ्हाइकं मिशीला पीळ द्यायची, त्या आबांनी असं म्हटलं की माझा जीव तुटायचा.

आई माण तालुक्यातली, दुष्काळात वाढलेली. रोज संध्याकाळी ती घमेलं घेऊन शेडमध्ये यायची, कॉम्प्रेसरच्या टाकीखालची चावी सोडायची आणि हवेतल्या दमटपणाचं आत साचलेलं, फुस्स करून येणारं गढूळ पाणी धरायची. सकाळी तेच जमिनीवर शिंपडायची, धूळ बसावी म्हणून.

आबा चिडवायचे, "कृष्णाकाठाला आलीस, तरी हवेतनं पानी काढतीस व्हय गं?"

"फुकाटचं हाय, कशाला सोडू?" ती म्हणायची. तिचा हा चिकटपणा आम्ही सगळ्यांनी हसण्यावारी नेलेला.

ठरल्याप्रमाणे कॉम्प्रेसर विकत घेणारे आष्ट्याचे हंबीरराव टेम्पो घेऊन आले. कॉम्प्रेसर उचलायला तिरका केला, तर आत डबडब वाजलं.

"आवं नानासो, टाकी हाय का हंडा? पानी कवा सोडलं हुतं?" त्यांनी आबांना विचारलं.

हंबीररावांनी चावी फिरवली, तशी तांबूस धार लागली.

"हेच हवेबरूबर गनमधनं रंगात जातंय. फोड येतील न्हाईतर काय हुईल!"

"थांबा!" आबा ओरडले. "खाली सांडू नका."

कोपऱ्यात पडलेलं आईचं घमेलं त्यांनी आणलं आणि धारेखाली धरलं. ते भरेपर्यंत त्यांचे डोळेही भरले.

"ती गेल्यापास्नं कुनी सोडलंच न्हाई गं. आमाला वाटायचं, पान्यासाठनं करतीया."

"तिलापण तसंच वाटायचं, आबा," मी म्हणाले आणि मलाही रडू आवरेना. किती आठवण आली तिची!

टेम्पो रिकामाच परतला. आबांनी ते पाणी शेडभर शिंपडलं.

परवा मी म्हटलं, पाणी अडवणारा फिल्टर बसवू या, आपोआप निचरा होईल.

"बशीव की," आबा म्हणाले. "पर संध्याकाळी चावी मीच सोडनार. आन् घमेलं तितनं हलवायचं न्हाई."