दोन झगे आणि एक खुर्ची

पाळकांच्या लेकीला वाटलं होतं, एकटं राहणारं माणूस नाताळ जवळ आला की दाराकडे डोळे लावून बसत असेल. आपण जावं, त्याचा हात हातात घ्यावा, त्याचे डोळे भरून यावेत. प्रत्यक्षात दार उघडलं ते तोंडात टाचण्या धरलेल्या एका बाईने. टाचण्यांच्या फटीतूनच तिने विचारलं, "माप द्यायचंय की कपडे न्यायचेत?"

मी चर्चच्या सभागृहातली घडीची खुर्ची बोलतेय. हा प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला नाही. लेकीने परत आल्यावर मला उघडलं, माझ्यावर बसली आणि सगळं मोठ्याने स्वतःलाच सांगितलं. खुर्चीला कान नसतात असं समजून माणसं काय काय बोलतात, ते मी सांगू लागले तर निम्म्या मंडळीला तोंड लपवायला जागा पुरणार नाही.

माझा जन्म एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. काम घाईचं होतं, त्यामुळे माझी एक बिजागरी पहिल्यापासून खाष्ट आहे. मिटताना मी बोट धरते. लग्नात मला ओढत नेतात, शोकसभेत अदबीने मांडतात. प्रवचन लांबलं की घड्याळाच्या आधी ते मला कळतं, कारण माणसं आधी बुडाशी चुळबुळतात आणि मग मनगटाकडे बघतात.

लेक दूरदेशी शिकून नुकतीच परतली होती. तिकडचा एक नाताळ तिने भाड्याच्या खोलीत एकटीने काढला होता. खाली रस्त्यावर गाणी चालली होती आणि हिच्या दारावर कुणाची टकटकसुद्धा झाली नाही. तेव्हाच तिने ठरवून टाकलं की प्रभूला मानतो असं म्हणायचं असेल, तर आपल्या गल्लीत तरी नाताळला कुणी एकटं राहता कामा नये. विचार सोन्यासारखा होता. अडचण एवढीच, की गल्लीत एकट्या राहणाऱ्या होत्या शिलाईवाल्या मावशी, आणि मावशींना या बाबतीत कुणी विचारलंच नव्हतं.

मावशींच्या खोलीत मशीन, कापायचं टेबल आणि मशीनपुढचं एक स्टूल. आलेल्याने उभं राहायचं, माप द्यायचं आणि चालू लागायचं. लेक उभ्या उभ्या प्रेमाबद्दल बोलू लागली, तशी मावशींनी सवयीने तिला टेप लावली.

"कंबर उतरलीय," त्या म्हणाल्या. "तिकडे जेवायला घालत नव्हते?"

नाताळच्या उपासनेला या आणि मग आमच्याकडे जेवा, असा लेकीने आग्रह धरला. मावशींनी सांगितलं, "साऱ्या मंडळीचे नवे कपडे शिवून होईस्तोवर नाताळ उजाडतो. मग मी आडवी होते ती दुपारी उठते. शिवाय कुणी कीव करून वाढलेलं ताट मला पचत नाही."

लेकीने विचार केला आणि निष्कर्ष काढला, की तिथे बसायलाच जागा नाही, मग बोलणं होणार कसं? एवढ्या शिकलेल्या माणसाला खुर्चीचं महत्त्व पटलं, याचा मला अभिमान वाटला. नाताळच्या आदल्या दिवशी ती मला काखेत मारून निघाली. चर्चने खुर्च्या विकायला काढल्या की काय, असं वाटेत बेकरीवाल्या काकांनी विचारून घेतलं.

मावशींनी मला वरखाली न्याहाळलं. "ही कशाला?"

"बसायला."

"मग बस. पण बसलीस तर हात रिकामे ठेवायचे नाहीत."

गायकवृंदाच्या पांढऱ्या झग्यांचा ढीग तिच्या मांडीवर येऊन पडला. खालच्या काठाला तुरपाई घालायची होती.

घरून पाठ करून नेलेलं एकही वाक्य लेकीला त्या दुपारी बोलता आलं नाही. बोलत होत्या मावशी. कुणाचं पोट दरवर्षी सुटतं आणि खापर मात्र कापडावर फुटतं, कोण बाई एक माप सांगते आणि मावते दुसऱ्यातच. लेक हसत होती आणि शिवत होती. झगे एकावर एक होते. हसण्याच्या भरात सुई वरच्या झग्यातून खालच्यात शिरली आणि चांगली वीतभर तशीच चालत राहिली. मला दिसत होतं. पण आम्हा खुर्च्यांचं काम माणसांना सांभाळायचं. सावध करायचं नव्हे.

नाताळच्या सकाळी बाक कमी पडणार म्हणून लेकीने मला परत नेलं आणि चर्चमध्ये मधल्या वाटेच्या टोकाला मांडलं. गायकवृंदाने घाईघाईत झगे अंगावर ओढले आणि जोडीजोडीने तो आत आला. शेवटच्या जोडीत बेकरीवाले काका आणि शाळेच्या मुख्याध्यापिका बाई. पुढे पोचल्यावर बायकांनी डावीकडे वळायचं, पुरुषांनी उजवीकडे. बाई वळल्या. काका वळले. पण काकांच्या वजनापुढे बाईंचं काय चालणार? त्या उलट्या पावली पुरुषांच्या बाजूला निघाल्या.

"सोडा," बाई ओठ न हलवता म्हणाल्या.

"मी धरलंय कुठे?" काका म्हणाले.

सारी मंडळी हसू लागली. काकांची बायको तेवढी हसली नाही.

लेक उठली ती थेट मावशींकडे धावली. तिथलं बोलणं पुढे मावशींच्या तोंडून मी कितीदा तरी ऐकलं. लेक धापा टाकत म्हणाली, "मावशी, मी दोन झगे एकात शिवलेत. सगळे बघताहेत."

मावशी डोळे चोळत उठल्या. "कुणी शिवले असं वाटतंय त्यांना?"

आणि त्या आल्या. अंगावर घरातला गाऊन, वर शाल, पायांत सपाता, हातात कात्री. नाताळच्या उपासनेला वर्षानुवर्षं न फिरकलेली बाई मधल्या वाटेने अशी चालत आली, की पाळक आपणहून बाजूला झाले. वेदीपुढे त्या गुडघे टेकून बसल्या, टाके उसवायला. मग उठल्या आणि मंडळीकडे वळल्या.

"मशीनची टीप माझी आहे. हातशिलाई पाळकांच्या लेकीची."

एवढं सांगून त्या परत निघाल्या, तोवर गाणं सुरू झालं, सगळे उभे राहिले, वाट अडली. रात्रीचं जागरण डोळ्यांवर होतं. त्या माझ्यावर टेकल्या आणि दुसऱ्या कडव्याला घोरू लागल्या.

पाळक प्रवचनाला उभे राहिले. त्यांनी घोरणं ऐकलं, मग समोर पाहिलं. समोरच्या बहुतेकांच्या अंगावर याच बाईची शिलाई होती. स्वतःच्या बाहीकडेही त्यांचं लक्ष गेलं. ते हळूच म्हणाले, "आज प्रवचन नाही. थकल्याभागल्यांना विसावा मिळावा म्हणून तो जन्माला आला. आज आपण एवढंच करू."

शेवटचं गीत मंडळीने कुजबुजत म्हटलं. काकांचा आवाज एरवी दोन गल्ल्या ओलांडतो; ते नुसते ओठ हलवत होते. बिजागरी कुरकुरू नये म्हणून मीही जीव मुठीत धरून उभी होते.

जाग आल्यावर मावशी आधी चिडल्या, मग घरी निघाल्या. त्यांना अडवलं ते काकांच्या बायकोने. सभागृहात साऱ्या मंडळीच्या जेवणाची पानं मांडली होती. "तुम्ही ह्यांच्या आणि बाईंच्या मधे बसा," ती म्हणाली, "म्हणजे माझा घास घशाखाली उतरेल." हे काम होतं, कीव नव्हती. मावशी बसल्या आणि पोटभर जेवल्या.

आता मी मावशींच्याच खोलीत असते. रंग उडालाय, पाठीवर कापडाच्या चिंध्या लटकतात, बिजागरीला मात्र मशीनचं तेल मिळतं. माझी तुम्हाला एकच विनंती आहे. एकट्या माणसाकडे जाल तेव्हा उभ्या उभ्या जाऊ नका, आणि तो हातात काम देईल ते करा. चुकलं तरी चालेल. मी पाहिलंय.

मी इथली झाले ती नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. गावाने नवे कपडे घड्या घालून कपाटात ठेवले होते आणि मला काखेत घेऊन लेक पुन्हा मावशींच्या दारात उभी होती.

"नाताळ काल झाला," मावशी म्हणाल्या. "आता कशाला आलीस?"

"तुरपाई शिकायला. रोज येणार आहे. पुढच्या नाताळला सगळ्यांच्या आधी तुमचे कपडे शिवून झाले पाहिजेत, आणि बाकीचे आदली रात्र पडायच्या आत, म्हणजे तुम्ही झोप काढून उपासनेला याल."

"आणि ते शिवणार कोण? तू?"

"मी."

मावशींनी तिच्या हातांकडे पाहिलं, उसासा टाकला आणि माझ्यावरची धूळ पदराने झटकली.

"मग बस लवकर. वर्षच हातात आहे."