तिसऱ्या ट्रॅकवरचा आवाज

मित्रांनो, तुमच्या जेवणाच्या डब्याएवढा मी एक जुना रेकॉर्डर आहे; पण नुसते बोलणे टिपून ठेवणारा नव्हे. माझ्या पोटात चार वेगवेगळे ट्रॅक आहेत. आज गिटार वाजवा, उद्या ठेका धरा, परवा गा. मी प्रत्येक आवाज आपापल्या जागी सांभाळतो आणि मग सगळे एकत्र ऐकवतो. माझे अंग प्लॅस्टिकचे आहे, माइक चिमुकले आहेत. स्टुडिओतल्या भारदस्त यंत्रांपुढे मी अगदीच किरकोळ. ज्या घरांना स्टुडिओ परवडत नाही, त्यांच्यासाठीच मला घडवले गेले.

कारखान्यात एका बाईने चिमट्याने माझे माइक बसवले, कानाला हेडफोन लावले आणि माझ्यासमोर एक टाळी वाजवून समाधानाने मान हलवली. मी ऐकलेला तो पहिला आवाज.

तिथून मी आलो दोन खोल्यांच्या एका घरात. ताई कपडे शिवून देत असे. तिचा धाकटा भाऊ रंगांच्या दुकानात कामाला होता. तो दिसेल त्या वस्तूवर बोटांनी ताल धरी, म्हणून घरी त्याला सगळे ठोक्या म्हणत. तिसरी त्यांची आई. गाणे टिपायचे ठरले की खिडकीला गादी टेकवली जाई, पंखा बंद होई आणि घरघर नको म्हणून फ्रिजही.

"परत लावायला विसरू नकोस," आई ताईला बजावी. "परवाचं दूध नासलं तुझ्या गाण्यापायी!"

"आई, दूध रोज मिळतं. सूर रोज लागत नाही."

"मग उद्या चहात सूर घालून पी."

असे हसत-खेळत त्यांनी माझ्यावर किती गाणी बांधली! ऐकायला येणारे शेजारी मला उलटसुलट करून बघत आणि म्हणत, "एवढ्याशा डबीत एवढं मावतं?" अशा वेळी माझी छाती फुगून येई.

मग ताईच्या गळ्यात गाठ निघाली. शस्त्रक्रिया करावीच लागणार होती, आणि नंतर आवाज पहिल्यासारखा राहीलच असे सांगता येत नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. ताई घरी आली, तिने हातातली पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "ठोक्या, आपलं ते अर्धवट गाणं आहे ना, ते मी आधी गाऊन घेते."

ती गायली. पहिल्या ट्रॅकवर तिनेच वाजवलेली गिटार होती, दुसऱ्यावर ठोक्याचा ठेका, तिसऱ्यावर ताई. आवाज कमी-जास्त करणारी कोणती सरकती कळ कोणाची हे कळावे म्हणून ठोक्याने माझ्यावर कागदी चिकटपट्टीचे तुकडे लावले होते: 'गिटार', 'ठोक्या', 'ताई'. पुढे काही दिवसांतच ताईचा आवाज बसत गेला आणि तिला साधे बोलणेही जड जाऊ लागले. तिचा धडधाकट आवाज आता जगात एकाच ठिकाणी उरला होता. माझ्या तिसऱ्या ट्रॅकवर.

इस्पितळात भरती व्हायच्या दिवशी सकाळी आईने हात रिकामे ठेववेनात म्हणून घर पुसायला काढले. माझ्यावरूनही तिने ओले फडके फिरवले. दोन पट्ट्या सुटून तिच्या बोटांना चिकटल्या. तिने त्या वाळवल्या आणि नीट परत लावल्या. ताईची आधी, ठोक्याची नंतर. थोरल्याचे नाव आधी आणि धाकट्याचे मागून, हा तिचा आयुष्यभराचा शिरस्ता होता. दोन्ही पट्ट्यांची अदलाबदल झाली, हे फक्त मला कळले.

दुपारी ठोक्या माझ्यासमोर बसला. ताई इस्पितळात जाण्यापूर्वी गाणे पुरे करून तिला ऐकवायचे, म्हणून आपला कच्चा ठेका तो नव्याने धरणार होता. फक्त गिटार ऐकू यावी यासाठी त्याने 'ताई' लिहिलेली कळ शून्यावर नेली. ती खरे तर त्याच्याच जुन्या ठेक्याची होती. मग 'ठोक्या' लिहिलेल्या जागचा, नवा आवाज टिपू लागल्याची खूण असलेला लाल दिवा त्याने लावला. तो तिसऱ्या ट्रॅकवर लागला.

मित्रांनो, मला तोंड नाही. माझ्याजवळ फक्त तो लाल दिवा होता, आणि तो जिवाच्या आकांताने लुकलुकत होता. पण ठोक्याने डोळे मिटून घेतले होते. त्याची बोटे लाकडी पेटीवर नाचत होती, त्या दिवशी ती कधी नव्हे इतकी अचूक पडत होती, आणि प्रत्येक थापेसरशी ताईच्या गाण्याची एक ओळ झाकली जात होती.

गाणे संपल्यावर त्याने खुशीत 'ताई'ची कळ वर केली. दोन ठेके ऐकू आले. ताई कुठेच नव्हती.

"आई," तो म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येईना. "या पट्ट्यांना कुणी हात लावला?"

"मीच. पुसताना निघाल्या होत्या. का रे?"

ठोक्या पांढराफटक पडला. त्याचे तोंड बघून आईच्या काय ते ध्यानात आले. ती घाईघाईने म्हणाली, "बंद करून चालू कर बरं. आपला टीव्ही तसाच होतो नीट."

 झाकलेला आवाज मी अजून धरून ठेवला होता; पण मी चालू असेपर्यंतच. बंद झालो की तो कायमचा जाणार होता. त्यात बॅटरीचे चिन्ह केव्हापासून मिचमिचत होते. ठोक्याचा अंगठा बटणावर टेकला.

"थांब." बसक्या आवाजात ताई म्हणाली. ती कपडे भरता भरता दारात येऊन उभी होती. "हात काढ आधी."

"ताई, मी तुझा आवाज पुसला गं."

"ऐकलं मी. रडू नंतर. चुकीची शिवण दिसली की लगेच कात्री चालवत नाहीत." ती माझ्यावर वाकली. "हा वळलेला बाण कशाचा?"

"माहीत नाही. कधी दाबलाच नाही."

"मागे वळलाय. दाब."

"आणि उरलंसुरलंही गेलं तर?"

"तर मी दाबायला सांगितलं होतं म्हणायचं. दाब, ती बॅटरी बघ."

त्याने बाण दाबला. 'आधीचे परत आणू?' असा प्रश्न मी पडद्यावर उमटवला. त्याने होकार दिला. अंगात उरलीसुरली शक्ती होती तेवढी एकवटून मी ताईचा आवाज जागेवर नेऊन ठेवला, तो कायम झाल्याची खूण दाखवली आणि विझलो.

नव्या बॅटऱ्या आणेपर्यंत तिघांपैकी कुणी जागचे हलले असेल तर फक्त ठोक्या. तो जिना उतरला नसेल, गडगडतच खाली गेला असेल. मी पुन्हा जागा झालो आणि ताई गाऊ लागली. आईने पदर तोंडाशी धरला. "माझ्या हाताला काय बुद्धी झाली!" एवढेच ती पुटपुटत राहिली.

शस्त्रक्रिया झाली. ताई बरी झाली, पण आवाज खाली उतरला तो उतरलाच. वरच्या पट्टीत तो चढेना. पुष्कळ दिवसांनी तिने हेडफोन लावून ते गाणे ऐकले. ठोक्या खाली मान घालून बसला होता.

"ही बाई चांगली गाते रे," ती म्हणाली.

"तूच आहेस ती."

"होते. आता ती वरचं गाईल, मी खालचं गाते. चौथा लाव." आणि दिवा नेमका कुठे लागला, हे तिने स्वतः वाकून पाहिले.

पुढे ठोक्याने संगणक घेतला. त्यात म्हणे ट्रॅकना अंतच नाही. मी कापडाच्या चिंध्यांखाली खणात गेलो. विसरलेली बॅटरी पाझरून माझी एक स्प्रिंग गंजली आहे. तक्रार नाही, माझी दोन्ही गाणारी माणसे अजून माझ्यात सुखरूप आहेत.

मित्रांनो, यंत्र बाजूला ठेवताना त्यातली बॅटरी काढा आणि त्यातले आवाज दुसरीकडे उतरवून घ्या. वळलेला बाण सगळ्यांजवळ नसतो, आणि माझ्याजवळचाही एकदाच चालणारा होता. तुमच्या घरात कुणी कामाच्या नादात गुणगुणत असेल, तर आजच पंखा बंद करून ते टिपून घ्या. डॉक्टर सांगेपर्यंत थांबू नका.